एका मुलाच्या हातात एकच सूर: हँडबेल घेऊन संगीताचे पहिले वर्ग

घंटा वाजवता येत नाही असं मूल आपल्याकडे सापडणार नाही. आरतीला घंटा कुणी धरायची यावरून भावंडांत रुसवेफुगवे होतात, आणि ज्याला मिळते तो कापूर विझेपर्यंत मनगट थांबवत नाही. मी पहिल्यांदा आठ मुलांना आठ हँडबेल वाटल्या तेव्हा नेमकं हेच झालं. मिनिटभरात खोलीत आठ आरत्या सुरू. शेजारचे एक आजोबा दारातून डोकावून "प्रसाद आहे का?" असं विचारून गेले. सूर काही कुणाच्या कानावर पडला नाही.

चूक माझीच होती. देवघरातली घंटा नुसता नाद करते, हँडबेलला मात्र ठरलेला सूर असतो. आठांच्या संचात खालच्या सा पासून वरच्या सा पर्यंत एकेका घंटेत एकेक सूर कोंडलेला. जलतरंगात एक वादक आणि त्याच्यापुढे सगळ्या वाट्या मांडलेल्या; इथे वादक आठ आणि प्रत्येकाच्या वाट्याला एकच सूर. ज्याच्याकडे ग आहे त्याची तंद्री लागली की गाण्यातला ग गेला, दुसरं कुणी तो भरून काढू शकत नाही.

म्हणूनच लहान मुलांसाठी मला ही घंटा पेटीपेक्षा आधीची पायरी वाटते. पेटीवर कुठलं बोट कुठल्या पट्टीवर, यातच दोन महिने जातात. हँडबेलवाल्या मुलाला एवढंच बघायचं असतं की आपला सूर केव्हा येतो. त्यासाठी त्याला अख्खं गाणं मनात चालू ठेवावं लागतं, स्वतः गप्प असतानाही.

पुढे सांगते ते पाच ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी आहे, आणि हँडबेल कधी हातात न धरलेल्या शिक्षकांसाठी, आईबाबांसाठी. तुम्हाला सारेगम सुरात म्हणता येत असेल आणि हाताशी पेटी किंवा मोबाइलवर तानपुरा असेल, तर एवढी शिदोरी पुरते.

घंटा कुठल्या घ्यायच्या

मूळची हँडबेल इंग्लंडची. चर्चच्या मनोऱ्यातल्या मोठ्या घंटा ठरावीक क्रमाने वाजवायचा सराव करायचा तर सगळं गाव जागं होणार, म्हणून तिथले वादक खोलीत बसून लहान घंटांवर सराव करू लागले. विल्टशर परगण्यातल्या ऑल्डबर्न गावी कॉर बंधूंनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला सुरात लावलेल्या अशा घंटा ओतल्या. त्या काशाच्या असतात: साधारण चार भाग तांबं, एक भाग कथील. हाताच्या घामाने काळवंडतात म्हणून वादक हातमोजे घालून वाजवतात. आवाज ऐकत राहावा असा, पण किंमतही तशीच. मुलांच्या वर्गासाठी त्यांच्या वाटेला जाऊ नका.

आपल्याला हवा तो रंगीत धातूच्या घंटांचा, प्लास्टिकच्या मुठीचा आठांचा संच. ऑनलाइन सहज मिळतो. त्यातच दुसरा एक प्रकार दिसेल: हॉटेलच्या काउंटरवर असते तशी, वरून बटण दाबायची घंटा. मूल चार वर्षांचं किंवा त्याहून लहान असेल, किंवा हाताची पकड कच्ची असेल, तर ती बरी. मोठ्यांना मात्र मुठीचीच द्या, कारण ती हलवताना अख्खा हात ताल धरतो.

संच आला की मुलांना दाखवण्याआधी एकटं बसून तीन गोष्टी तपासा. पहिली, सूर. घंटेवर सी, डी, ई अशी अक्षरं असतात. सी म्हणजे आपली पांढरी एक. पेटीवर पांढरी एकचा सा धरून एकेक घंटा वाजवून बघा. मोबाइलवरचा ट्यूनरही चालतो, पण घंटेत मूळ सुराबरोबर वरचे उपसूर जोरात असतात, त्यामुळे त्याची सुई भरकटते. कानावर जास्त भरवसा ठेवा. आमच्या पहिल्या संचातला नि इतका उतरलेला होता की तो कोमल म्हणून खपला असता. असा संच परत करावा, मुलांचा कान त्यावर घडवू नये. दुसरी गोष्ट लोलक, म्हणजे घंटेच्या आत लोंबणारा ठोकळा: घंटा उलटीसुलटी केली तर तो सैल खडखडायला नको, मागे-पुढे एकाच रेषेत हलायला हवा. तिसरी, रंग. बहुतेक संचांत सा लाल असतो, पण पुढचे रंग कंपनीगणिक बदलतात. दोन कंपन्यांचे संच एकत्र केलेत तर एकाचा निळा प आणि दुसऱ्याचा निळा ध असा घोळ होईल.

प्रत्येक मुठीवर पांढरी चिकटपट्टी लावून मार्करने सा, रे, ग ठळक लिहा. लाल-हिरवा वेगळा न दिसणारं एखादं मूल वर्गात असू शकतं, मुलग्यांत तर हे जास्तच आढळतं, आणि बिचाऱ्याला ते स्वतःलाही ठाऊक नसतं.

पहिला वर्ग: घंटा पिशवीत

खोलीत सतरंजी अंथरा. फरशी आणि चार कोऱ्या भिंती असल्या की घंटेचा नाद इतका घुमतो की थांबला कधी ते कळत नाही. मुलांना अर्धवर्तुळात उभं करा. खाली बसवू नका, बसलेलं मूल हात पोटाशी घेऊन वाजवतं.

पहिली दहा मिनिटं फक्त टाळ्या. चार मात्रा, म्हणजे चार ठोके, मोजायच्या, पहिलीवर टाळी, बाकी तीन मनात. मग तिसरीवर टाळी. मग चौथीवर, आणि इथे हमखास गडबड होते, तेव्हा हसू द्या. लय सावकाश ठेवा, घड्याळाच्या सेकंदाइतकी. हे जमल्याशिवाय पिशवी उघडायची नाही.

मग एकच घंटा काढा, सा ची, आणि तीही स्वतःच्या हातात ठेवा. एकदा वाजवा. "आवाज संपला की हात वर करा," एवढं सांगा. काही हात तीन सेकंदांत वर जातात, काही दहात, आणि एखादी मुलगी डोळे मिटून उभी असते, तिचा हात वर जातच नाही. "ताई, अजून येतोय," ती म्हणते, आणि खरंच येत असतो. दुसऱ्यांदा वाजवाल तेव्हा सगळेच तिच्यासारखे ऐकतात. माझ्या मते पूर्ण वर्गातली ही सगळ्यात मोलाची दोन मिनिटं.

आता वाजवायची रीत. मूठ सैल पण पक्की, तोंड वर, घंटा खांद्याजवळ. तिथून हात पुढे आणि किंचित वर न्यायचा, लहान बाळाकडे चेंडू अलगद टाकावा तसा, आणि गोल फिरवून परत खांद्याशी आणायचा. मनगट झटकायचं नाही. लोलक एकदाच आपटला पाहिजे. दोनदा "टिंग-टिंग" झालं तर हात मध्येच अडखळला असं समजा. आरतीची सवय मोडायला मी मुलांना सांगते, "देवाची घंटा देवाला उठवते, ही घंटा आधीच जागी आहे. तिला फक्त एकदा हाक मारायची."

नाद थांबवणं हा अर्धा अभ्यास. घंटेची कड छातीला किंवा खांद्याला हलकेच टेकवली की आवाज तत्काळ बंद होतो. आमच्या वर्गात याला "झोपवणं" म्हणतात. "वाजव... दोन, तीन, झोपव!" असं मोजत प्रत्येकाकडून पाच-सहा वेळा करून घ्या. न झोपवलेल्या घंटांचे सूर एकमेकांत मिसळून चिखल होतो, आणि मुलांना तो चिखल ऐकवायलाच हवा: एकदा मुद्दाम सगळ्यांना न झोपवता सारेगमपधनिसा वाजवायला लावा, मग झोपवत झोपवत. फरक त्यांचा त्यांना कळतो, तुम्हाला काही बोलावं लागत नाही.

एक सूचना, गमतीची वाटली तरी पाळा. कुणाच्या कानाजवळ घंटा वाजवायची नाही हा नियम पहिल्याच दिवशी. आणि मोठ्या आवाजाला बिचकणारं मूल असेल तर त्याला खालचा सा द्या आणि रांगेच्या टोकाला उभं करा. वरचा सा सगळ्यात टोचतो.

दोन घंटा, तीन घंटा, पाच घंटा

दुसऱ्या वर्गात सा आणि प. फक्त दोन. एक मूल सा वाजवतं, दुसरं प, बाकीचे डोळे मिटून ओळखतात: सा साठी हात गुडघ्यावर, प साठी डोक्यावर. प्रत्येक सूर वाजला की तो गाऊन दाखवायचा. इथे एक अडचण येते. या घंटा मुलांच्या गळ्यापेक्षा वरच्या सप्तकात वाजतात, त्यामुळे काही मुलं किंचाळून तो सूर गाठू बघतात. "तोच सूर, पण खाली, आपल्या घरात गा," असं सांगा आणि स्वतः गाऊन दाखवा.

मग सा रे ग. तीन मुलं, तीन घंटा, तुम्ही बोट दाखवाल त्याने वाजवायचं. थोड्या वेळाने बोट दाखवायचं काम एका मुलाकडे द्या. त्या क्षणी तो संगीतकार होतो आणि वर्गातली शिस्त आपोआप वाढते, कारण प्रत्येकाला आपला नंबर हवा असतो.

तिसऱ्या-चौथ्या वर्गात म आणि नि पिशवीत ठेवून सा रे ग प ध या पाच घंटा बाहेर काढा. हा भूप राग. या पाचांत एकमेकांना खटकणारा सूरच नाही, त्यामुळे मुलांनी कुठल्याही क्रमाने वाजवलं तरी कानाला बरं लागतं. पाच मुलांना गोल उभं करा, तानपुरा पांढरी एकमध्ये लावा आणि ज्याला वाटेल त्याने, पण एका वेळी एकानेच, वाजवायचं. सुरुवातीला दोघं एकदम वाजवतात, मग एकमेकांकडे बघू लागतात. हळूहळू मधल्या शांततेला कुणी घाबरेनासं होतं. इथे घाई करू नका, तीन-चार वर्ग यातच गेले तरी जाऊ द्या. नंतर ग काढून म आत घेतलात तर सा रे म प ध, म्हणजे दुर्गा राग. एकच घंटा बदलली आणि खोलीतली हवा बदलली, हे मुलांच्या लगेच लक्षात येतं, नाव कुणी सांगावं लागत नाही.

शिक्षकांसाठी एक आडवाट, मुलांना सांगायची गरज नाही. आठ शुद्ध सुरांच्या घंटा म्हणजे फक्त बिलावल थाट असं वाटतं (थाट म्हणजे सात सुरांची चौकट, जिच्यात राग बसवले जातात). पण तानपुऱ्यातला सा हलवून बघा. रे ला सा मानलं की काफी, ग ला मानलं की भैरवी, म ला कल्याण, प ला खमाज, ध ला आसावरी. त्याच आठ घंटा, सहा थाट.

पहिलं गाणं

ओळखीचं गाणं बसवायचा मोह आवरा. ओळखीच्या गाण्यात मुलं लय विसरून शब्दांमागे धावतात. चार सुरांत बसेल असं काहीतरी स्वतःच रचा. फार प्रतिभा लागत नाही. आमच्या वर्गातलं हे केरवा तालाच्या आठ मात्रांत बसतं:

म नी ये ऽ । दू ध घे ऽ
ग ग प ऽ । ग रे सा ऽ

मि शा पूस ऽ । घ री जा ऽ
रे ग रे ऽ । ग रे सा ऽ

फळ्यावर हे याच पद्धतीने लिहा. अक्षर लांबवायचं तिथे ऽ, ही भातखंडे पद्धतीतली (स्वर लिहून ठेवायच्या पद्धतीतली) खूण मुलांना पुढेही उपयोगी पडते. अक्षरांखाली रंगीत खडूने घंटेच्या रंगाचा ठिपका द्या. आधी सगळ्यांनी शब्द गायचे, मग सरगम गायची, मग टाळी देत सरगम, आणि त्यानंतरच घंटा. ऽ आला की ज्याची घंटा शेवटी वाजली त्याने ती एक मात्रा धरायची आणि पुढच्या सुराला झोपवायची.

गाण्यात ग पाचदा येतो, रे चारदा, सा दोनदा. प फक्त एकदा, तिसऱ्या मात्रेवर. मुलांना वाटतं ग वाला नशीबवान. खरं अवघड काम प वाल्याचं: सोळा मात्रांत एकदाच, आणि चुकला तर पुढच्या आवर्तनापर्यंत, म्हणजे गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होईपर्यंत, थांबणं. आमच्याकडे एक मुलगा होता, वर्गात शब्द न काढणारा. त्याला मी प दिला. पहिल्या दिवशी तो प्रत्येक वेळी अर्धी मात्रा उशिरा वाजवायचा. दुसऱ्या आठवड्यात बघते तर त्याचे ओठ हलत होते, बाकीच्यांचे सूर तो मनात गात होता, आणि प बरोबर जागेवर पडत होता. ग वाल्या मुलीला मात्र तोवर कंटाळा आला होता.

दर दोन आवर्तनांनी घंटा डावीकडच्या मुलाला द्यायच्या. असं केलं की प्रत्येकाला प्रत्येक जागा कळते आणि "मला लालच हवी" हे रडगाणं बंद होतं. गाणं बसलं की एका आठवड्यात रंगीत ठिपके पुसून टाका, फक्त अक्षरं ठेवा. हे टाळलंत तर मुलं वर्षभर रंगच वाचत राहतील, सूर वाचणार नाहीत. रंगांच्या कुबड्या काढायला शिक्षकच कचरतात, असा माझा अनुभव आहे.

शाळेत चाळीस-पन्नास मुलं आणि घंटा आठच असतील तर चार गट पाडा: एक घंटांचा, एक गाणारा, एक टाळी देणारा, एक ऐकून चुका मोजणारा. चौथ्या गटात जायला सगळ्यात जास्त गर्दी होते.

देवगिरीचा हिशेब

मुलं थोडी रुळली की हा खेळ घ्या. सा, रे, ग अशी तीन मुलं रांगेत. डावीकडून उजवीकडे एकदा वाजवायचं. मग शेजारच्या दोघांनी जागा बदलायची आणि पुन्हा वाजवायचं. एकदा डावीकडची जोडी बदलते, एकदा उजवीकडची, असं आलटून पालटून:

सा रे ग, रे सा ग, रे ग सा, ग रे सा, ग सा रे, सा ग रे, आणि परत सा रे ग.

सहा क्रम, एकही पुन्हा नाही, आणि सगळे घरी परतले. चार घंटांचे चोवीस क्रम होतात. वही-पेन्सिल घेऊन ते शोधायला मोठी मुलं हौसेने बसतात. इंग्लंडमधले घंटावादक शतकानुशतकं हेच करत आले आहेत. त्यांच्याकडे चालीपेक्षा क्रमाला मान. १७१५ साली नॉरिच शहरातल्या सेंट पीटर मँक्रॉफ्ट चर्चमध्ये त्यांनी सात घंटांचे सगळे ५०४० क्रम सलग वाजवले, त्याला तीन तासांहून जास्त वेळ लागला.

हाच ५०४० चा आकडा त्याआधी काही शतकं आपल्या इथे मांडला गेला होता. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या, राजा सिंघणाच्या दरबारी असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' या ग्रंथात सात स्वरांचा प्रस्तार, म्हणजे सगळ्या क्रमांची मांडणी, दिला आहे, आणि कितव्या क्रमांकाला कुठला क्रम येईल ते काढायची खंडमेरू नावाच्या तक्त्याची रीतही. पेशाने तो दरबारचा हिशेबनीस होता, हे कळल्यावर आश्चर्य वाटत नाही. दौलताबादच्या सहलीला जाऊन आलेल्या मुलांना हे सांगून बघा, किल्ला त्यांना वेगळा दिसतो.

जिथे घंटा अपुरी पडते

घंटेला मींड नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, सुराला झोका देणं, हे तिच्यात होणारच नाही. तिचे सूर पेटीसारखे ठोकळ्यात बसवलेले. अशाच कारणांवरून आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती तीस वर्षं टिकली, हा इतिहास अनेक वाचकांना ठाऊक असेल. मी तितकी कडक नाही. पण तानपुरा बंद ठेवून नुसत्या घंटांवर महिनोन् महिने शिकवू नका, आणि प्रत्येक वर्गात घंटांपेक्षा गाण्याला जास्त मिनिटं द्या. मूल सात-आठ महिन्यांनी पेटीकडे किंवा गळ्याकडे वळलं, तर घंटेचं काम झालं.

वर्गात हमखास येणाऱ्या बाकी तक्रारी अशा. लय पळते: घंटेचा आवाज मुलांना चढवतो. मोठ्याने मोजण्याऐवजी हळू आवाजात मोजा, ऐकण्यासाठी तरी ती सावकाश होतात. कुणीतरी सतत तलवारबाजी करतं: त्याला दोन मिनिटं मात्रा मोजणारा करा, शिक्षा म्हणून नव्हे, काम म्हणून. आईवडील विचारतात, "परीक्षेला कधी बसणार?" त्यांना एकदा वर्गात बोलवा, घंटा हातात द्या आणि प वाजवायला सांगा. आमच्याकडे एका बाबांना सलग चार आवर्तनं प सापडला नव्हता, आणि त्यांचाच मुलगा त्यांना मात्रा मोजून देत होता.

घंटा ठेवताना एकावर एक रचू नका, लोलक वाकतात. प्रत्येकीला जुन्या मोज्यात घाला आणि सुरांच्या क्रमाने खोक्यात मांडा. मऊ कोरड्या कापडाने पुसणं पुरे, पाणी नको. आणि वर्ग सुटण्याआधी, मुलं चपला घालायला लागण्याआधी, आठ मोजून घ्या. आमचा वरचा सा एकदा पंधरा दिवस गायब होता. शेवटी एका मुलीच्या डब्याच्या पिशवीत, चमच्याशेजारी सापडला. तिच्या आईला वाटलं होतं, शाळेने बक्षीस दिलंय.